मांत्रिकाच्या तळहातावरचा हिरवा उजेड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मी रंगवलेल्या ३२ मिलिमीटरच्या मांत्रिकाच्या मूर्तीवर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. तळहातावरच्या हिरव्या ज्वाळेचा रंगाने दाखवलेला उजेड लाल झग्यावर हिरवा न दिसता मळकट तपकिरी दिसतो. तोच उजेड पाठीवरच्या घड्यांतही पसरला आहे. आणि फ्लोरोसंट रंगाने आणलेली चमक हाताची नव्हे, बाटलीची आहे. आपण फोटो मोठे करून बारकाईने पाहिले आहेत, हे आपल्या लिहिण्यावरून कळते, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

झग्याबद्दल माझे मत कायम आहे. लाल कापड लाल प्रकाश परतवते आणि बाकीचा बहुतेक शोषून घेते. त्यावर निव्वळ हिरवा उजेड पडला, तर परतवायला फारसे काही उरत नाही आणि कापड काळपटते. तिथे मी उजळ हिरवा चढवला असता, तर तो उजेड न वाटता सांडलेला रंग वाटला असता. म्हणून घडीच्या कडेला आधी पिवळसर तपकिरीचे पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर, दिले आणि ज्वाळेच्या अगदी समोर आलेल्या टोकांवर तेवढा पोपटी ठेवला. पांढरी दाढी आणि गळ्यातली हाडांची माळ मात्र हिरवा उजेड मोकळेपणाने परतवतात, म्हणून तो रंग तिथे खुलला आहे. झगा एकटा न पाहता दाढीच्या शेजारी ठेवून पाहावा, एवढी विनंती आहे.

पाठीचा आक्षेप पूर्ण मान्य आहे. ज्वाळेच्या दिशेने एअरब्रशचा फवारा मारला की रंग जिथे पोचेल तिथे उजेडही पोचतो, या सोयीच्या समजुतीवर मी विसंबलो. पण फवाऱ्याचे बारीक कण हवेबरोबर वळून मागे जाऊन बसतात, आणि उजेड तसा वळत नाही. शिवाय तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ज्वाळेपासून ५ मिलिमीटरवरच्या गालाला जेवढा मिळेल, त्याचा चौथा हिस्साच १० मिलिमीटरवरच्या खांद्याला मिळायला हवा. माझ्या मूर्तीत दोन्ही जवळपास सारखे उजळले आहेत, आणि हे आपण न लिहिलेले चौथे न्यून मीच नोंदवतो.

सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र आपण पाहिले असेलच. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून फुटणारी तांबूस आभा. त्या दिव्याचे तेज दिव्याला दिलेल्या रंगापेक्षा भोवती राखलेल्या अंधारातून जास्त येते. मी पाठीचा अंधार खर्च करून टाकला, म्हणून पुढची ज्वाळाही मंदावली.

फ्लोरोसंट रंगाच्या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही. हा रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो हिरव्यात परत देतो, त्यामुळे साध्या हिरव्याला जी उजळता कधीच गाठता येत नाही ती त्याला गाठता येते. परंतु त्याची झाकण्याची ताकद फार कमी असते, काळ्यावर तो दिसतसुद्धा नाही. ज्वाळेच्या गाभ्यात शुद्ध पांढरा, त्याभोवती पिवळट आणि टोकांकडे गडद हिरवा ही चढण आधी साध्या रंगांत नीट बसवावी लागते, मगच त्यावर याचा एक पातळ हात शोभतो. चढण चुकली असेल तर बाटली ती सावरू शकत नाही. त्याची खरी उणीव वेगळी आहे: उन्हात तो लवकर उडतो, म्हणून ही मूर्ती मी खिडकीपासून दूर ठेवतो.

काल रात्री पाठीवरच्या हिरव्यावर गडद निळसर तपकिरीचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. उजव्या खांद्याच्या कडेवर केसाएवढी एक हिरवी रेघ तेवढी राहू दिली आहे, कारण तिथून ज्वाळा सरळ दिसते. नवे फोटो याच लेखात जुन्यांच्या शेजारी लावतो. ती रेघ योग्य जागी आहे का, हे आपण जरूर कळवावे.