नासा, संस्कृत आणि १९८५ सालचा एक लेख

संस्कृत दिन जवळ आला की एक संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. नासाने संस्कृत ही कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे जाहीर केले आहे, कारण तिच्यात एका वाक्याचा एकच अर्थ निघतो. आजच्या प्रोग्रॅमिंग भाषा पाणिनीच्या व्याकरणावर उभ्या आहेत. आणि नासा संस्कृतवर चालणारे सहाव्या व सातव्या पिढीचे महासंगणक तयार करीत आहे, असे त्यात म्हटलेले असते. यातले शेवटचे विधान फार वेळ घेण्याजोगे नाही. संगणकांच्या ‘पिढ्यां’ची भाषा लोकप्रिय झाली ती जपानने १९८२ मध्ये सुरू केलेल्या ‘पाचव्या पिढी’च्या प्रकल्पामुळे, आणि त्या प्रकल्पाचा पाया तर्काधारित प्रोग्रॅमिंग हा होता, कोणतीही बोलभाषा नव्हे.

नासाच्या ‘घोषणे’चे मूळ मात्र खरे आहे आणि ते वाचण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात संस्कृतमधील ज्ञाननिरूपणावर, म्हणजे ज्ञान यंत्राला हाताळता येईल अशा रूपात मांडण्यावर, एक लेख लिहिला. तो एका संशोधकाचा लेख होता, संस्थेचा ठराव नव्हता. मात्र त्यांनी संस्कृत वैयाकरणांची केलेली स्तुती हातचे राखून केलेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: कृत्रिम बुद्धिमत्तेतील बरेचसे काम म्हणजे फार जुन्या चाकाचाच नव्याने लावलेला शोध आहे, असा त्यांचा दावा होता.

हे चाक कोणते? त्या काळी वाक्याचा अर्थ यंत्राला कळावा म्हणून त्याचे जाळे मांडण्याची पद्धत होती. मधोमध क्रिया आणि तिच्यापासून कर्ता, कर्म, साधन, काळ यांच्याकडे जाणारे बाण. ब्रिग्ज यांनी दाखवले की वैयाकरणांचा शाब्दबोध, म्हणजे वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची त्यांची रीत, नेमके हेच करतो. ‘चैत्र गावाला जातो’ एवढ्या साध्या वाक्याचे विवरण तेथे असे होते: जिचा कर्ता एकत्वाने विशिष्ट अशा चैत्राहून भिन्न नाही, जिचे कर्म गावाहून भिन्न नाही, आणि जी वर्तमानकाळी चालू आहे, अशी संयोग घडवून आणणारी क्रिया. हे विवरण मी आत्ता मराठीत लिहिले, आणि वाक्य अवजड झाले तरी त्याचा काटेकोरपणा कोठे सांडला नाही. याचा अर्थ असा की हा गुण त्या विश्लेषणपद्धतीचा आहे. संस्कृतच्या शब्दांतून तो आपोआप आलेला नाही. ब्रिग्ज ज्यांचा आधार घेतात ते नागेशभट्ट हे काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित, आडनाव काळे. संदेशात नासाचे नाव ठळक अक्षरांत येते. नागेशभट्टांचे मी एकदाही पाहिलेले नाही.

संस्कृत वाक्याचा एकच अर्थ होतो, हे तर वैयाकरणांनीच कधी मानले नसते. पतंजलींच्या महाभाष्यातले ‘श्वेतो धावति’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे: ‘पांढरा धावतो’ असा त्याचा अर्थ होतो, आणि ‘श्वा इतः’ असा संधी सोडवला तर ‘कुत्रा इथून धावतो’ असाही. श्लेष हा ज्या भाषेत प्रतिष्ठित अलंकार आहे, तिला द्व्यर्थाचे वावडे कसे असेल? हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि फ्रान्समध्ये जेरार युए यांनी संस्कृतसाठी संगणकीय साधने उभारली, तेव्हा एका लिखित ओळीचे किती वेगवेगळे पदच्छेद (शब्दांत केलेली फोड) संभवतात, हाच त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न होता.

पाणिनीविषयीच्या विधानात निम्मे तथ्य आहे. सुमारे ४००० सूत्रांतून भाषा ‘घडवणारी’ अष्टाध्यायी आणि प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण लिहिण्याची बॅकस-नाउर पद्धत यांच्यातले साम्य इतके उघड आहे की पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये तिला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावे असे सुचवले होते. परंतु साम्य म्हणजे उगम नव्हे. पाणिनीचे प्रत्यक्ष ऋण शोधायचेच असेल तर ते आयआयटी कानपूरमध्ये सापडते. तेथे विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारकविचारावर, म्हणजे क्रियेशी कर्ता, कर्म, साधन यांचे नाते सांगणाऱ्या विचारावर, भारतीय भाषांच्या यंत्रानुवादाची चौकट बेतली.

संदेशात ज्याचा मागमूस नसतो तो भाग म्हणजे १९८५ नंतर काय झाले. अर्थाची जाळी हाताने विणण्याचा मार्ग हळूहळू मागे पडला. आयबीएममधील संशोधकांनी कॅनडाच्या संसदेच्या इंग्रजी-फ्रेंच कामकाजातून अनुवादाची संख्याशास्त्रीय प्रारूपे शिकवली, पुढे चेताजालांचा (न्यूरल नेटवर्क) काळ आला, आणि २०१७ नंतर त्यांतल्याच ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेची प्रारूपे सर्वत्र पसरली. यांपैकी कोणालाही निर्दोष व्याकरणाची भाषा लागत नाही. त्यांना लागतो तो मजकूर, आणि तोही प्रचंड प्रमाणात. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली. संस्कृत आली मे २०२२ मध्ये, कोकणी, मैथिली आणि भोजपुरी यांच्याबरोबर एकाच यादीत, कारण यंत्राला शिकवण्यापुरता जोडमजकूर (एकच मजकूर दोन भाषांत) या भाषांपैकी एकीकडेही नव्हता.