पूर्ण न वाचता बोलू नये, या प्रतिक्रियेला उत्तर

सर, माझ्या वाचनाच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज परत वाचली, उत्तर लांबणार म्हणून वेगळंच टाकतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण पूर्ण न वाचता मी त्याला ‘कंटाळवाणं’ म्हटलं, हा चारशे वर्षांच्या ग्रंथाचा अपमान आहे, आणि मराठीत लिहिताना मधेच ‘कार्मेलीन’ या कोकणी कादंबरीचं काय काम.

पहिला मुद्दा अर्धा मान्य. पैल्या पुराणाचे, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या भागाचे, 36 अवस्वरू, म्हणजे अध्याय, त्यातल्या नवव्यात मी थांबलो होतो आणि ते पोस्टमध्ये सांगितलं नाही, ही चूक माझीच. आता अगदी वर टाकलंय. पण पूर्ण वाचल्याशिवाय तोंडच उघडू नये हे मला पटत नाही. मराठी भाषा दिनाला यातली ती मराठीची थोरवी गाणारी रत्नकिळेची ओवी आपण सगळेच फॉरवर्ड करतो, बाकीच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या कोणी उघडून बघितल्यात? बोलायचा हक्क फक्त अभ्यासकांना ठेवला तर त्या तशाच कपाटात राहतील. माझ्यासारख्याने नवव्यापर्यंत जाऊन जे वाटलं ते सांगितलं, तर निदान कोणीतरी पहिला अवस्वरू तरी उघडेल.

आता ‘कंटाळवाणं’ या शब्दाचं. मी हे पुस्तक फोंडा-पणजी कदंब बसमध्ये बसून वाचत होतो, मनातल्या मनात, बाणस्तारीचा पूल आला की पान दुमडायचं आणि उरलेलं संध्याकाळी. पोस्ट टाकल्यावर चारेक दिवसांनी आईने ते टेबलावरून उचललं. ती श्रावणात शिवलीलामृत वाचते, तसाच चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि त्याच पोथीच्या सुरात मोठ्याने सुरू केलं, पहिले तीन चरण यमकावर चढत जायचे आणि चौथा आखूड चरण आला की आवाज आपोआप खाली बसायचा. मधे ‘वैकुंठ’ शब्द आला तिथे थांबली, म्हणाली, “हें आमचेंच न्हय रे?”

तिथे माझी ट्यूब पेटली. फादर स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, 1579 साली गोव्यात आला, आणि 1616 ला राशोलला हा ग्रंथ छापला तो रोमन लिपीत. गोव्यातल्या साष्टीच्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं हातातून गेलेली, पण पुराण ऐकायची सवय थोडीच जाते, त्यांच्यासाठी हे रचलेलं. म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं असं हे काम, आणि मी ते बसमध्ये नुसत्या डोळ्यांनी वाचत होतो. तेव्हा तो शब्द मी मागे घेतो, तुम्ही रागावलात म्हणून नाही, आईचं वाचन ऐकलं म्हणून.

‘कार्मेलीन’वर दोनच ओळी लिहिल्या हे कमी झालं, त्यावर सविस्तर लिहीन. पण कोकणी पुस्तकाचं काय काम, हे मात्र मनाला लागलं. आमच्या घरात बोलणं कोकणी, पेपर मराठी, पोथी मराठी, आणि गोव्यात अशी घरं कितीतरी आहेत. 1987 च्या गोव्याच्या राजभाषा कायद्याच्या वेळची कोकणी-मराठी भांडणं मोठ्यांकडून ऐकलीत, ती पुस्तकांच्या कपाटात नकोत. दामोदर मावजोंच्या या कादंबरीला 1983 चं साहित्य अकादमी मिळालं हे मला नंतर कळलं, मी ती घेतली कारण त्यातली बाई पोटासाठी कुवेतला जाते आणि आमच्या वाड्यावरची दोन घरं गल्फच्या पैशावर उभी राहिलेली मी लहानपणापासून बघतोय. ते मराठीत सांगावंसं वाटलं कारण मला लिहिता येतं ते मराठीतच.

ख्रिस्तपुराण लायब्ररीचं आहे, परवा रिन्यू करून आणलं. अकरावा अवस्वरू चालू आहे, जेवणं झाली की आई वाचते, मी ऐकतो.