भुवई नाही, गळा बघा
बंगळूरजवळच्या नंदी हिल्स या डोंगरावरच्या या लेखातल्या दुसऱ्या फोटोखाली 'पांढऱ्या भुवईचा बुलबुल' असं लिहिलंय, पण तो पिवळ्या गळ्याचा बुलबुल आहे! शेपटीखालचा पिवळा रंग दोघांनाही असतो, तिथेच घोटाळा होतो. गळा बघा, हळद माखल्यासारखा, आणि तो पिवळेपणा थेट कपाळापर्यंत चढलाय. छाती मात्र राखाडी. डोळ्यावर पांढरी रेघ अजिबात नाही. हा पक्षी फक्त दक्षिण भारतातल्या खडकाळ, झुडपी डोंगरांवर राहतो, जगात इतरत्र कुठेच नाही. ग्रॅनाइटच्या खाणी तेच डोंगर पोखरताहेत, त्याचं घरच धोक्यात आहे, म्हणून तो नीट ओळखला जायला हवा; नाव दुरुस्त कराच. मी बंगळूरला राहते. मला तो नंदी हिल्सवर दोनदाच दिसलाय. आधी झुडपातून आवाज, मग क्षणभर पिवळं डोकं.