वायफायचा शोध हेडी लामार यांनी लावलेला नाही

महिला दिन आला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. हॉलिवूडच्या अभिनेत्री हेडी लामार यांचा कृष्णधवल फोटो आणि खाली मजकूर: ‘वायफाय हिने शोधलं. आज तुमच्या मोबाइलमध्ये तिचंच तंत्र चालतं. तिला पैसे मिळाले असते तर ती अब्जाधीश झाली असती.’ यंदा तोंडी परीक्षेत एका मुलीने मला हेच उत्तर दिलं, तेही अगदी खात्रीने. म्हणून लिहायला बसले.

‘हिने शोधलं.’ लामार यांचं पेटंट खरं आहे, ११ ऑगस्ट १९४२ चं. त्यावर संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचंही नाव आहे. टॉर्पेडोला, म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडलेल्या अस्त्राला, रेडिओने दिशा द्यायची, तर शत्रू ती फ्रिक्वेन्सी जॅम करणार. मग पाठवणाऱ्याने आणि टॉर्पेडोने ठरलेल्या क्रमाने, एकाच वेळी फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. क्रम जुळवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोतल्यासारखी भोकं पाडलेली कागदी पट्टी. फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच! कल्पना देखणी आहे. पण फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचा विचार त्याआधीही झाला होता. जर्मनीचे भौतिकशास्त्रज्ञ योनाथन झेनेक यांनी तो १९०८ मध्येच मांडला होता.

‘मोबाइलमध्ये तिचंच तंत्र.’ खरी गफलत इथे आहे. ब्लूटूथपुरतं हे थोडंफार पटेल: ते ७९ चॅनलमध्ये सेकंदाला १६०० उड्या मारतं, म्हणजे तेवढ्या वेळा फ्रिक्वेन्सी बदलतं. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकातही उड्यांचा एक पर्याय होता, पण तो लवकरच मागे पडला. १९९९ पासून वायफायमध्ये आलेली आणि पुढे रुळलेली पद्धत वेगळी आहे. ती माहितीचे तुकडे करून अनेक बारीक लहरींवर एकदम पाठवते. घरातल्या भिंतींवरून उलटून येणारे रेडिओलहरींचे प्रतिध्वनी हा मोठा अडथळा होता. त्यावर ऑस्ट्रेलियात जॉन ओसलिव्हन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामाला १९९६ मध्ये पेटंट मिळालं.

शिवाय लामार यांचा प्रश्न शत्रूपासून लपायचा होता, वायफायचा प्रश्न शेजाऱ्यांशी जुळवून घ्यायचा आहे. आमच्या दिवाणखान्यात बसून मोबाइलवर नेटवर्कची यादी उघडली तर तेवीस नावं दिसतात, सगळी त्याच हवेत. प्रत्येक राउटर आधी कानोसा घेतो, कुणी बोलत असेल तर थांबतो, मग मनाला येईल तेवढा वेळ थांबून बोलतो. हा ‘मनाला येईल तेवढा वेळ’ फार मोलाचा. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅम्सन यांच्या गटाने हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा दोन संदेश एकमेकांवर आदळले की दोघांनी वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, असं ठरवलं. पुढचं सगळं यावर उभं आहे.

ही सामायिक हवा तरी कुठून आली? १९८५ मध्ये अमेरिकेत दूरसंचार नियामक संस्थेतले अभियंते मायकेल मार्कस यांच्या प्रयत्नांतून फ्रिक्वेन्सींचे काही पट्टे विनापरवाना खुले झाले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्हचा. आमच्याकडे दूध तापवायला लावलं की मुलीचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो म्हणूनच. आपल्याकडे हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा झाला. परवाना प्रत्येक राउटरला लागला असता, तर तेवीस नावं सोडा, तीनही दिसली नसती.

‘अब्जाधीश झाली असती.’ पेटंटची मुदत १९५९ मध्येच संपली आणि वायफायचं पहिलं मानक १९९७ चं. पैसे मिळायचे कुठून? अमेरिकन नौदलाने महायुद्धात ही युक्ती वापरलीच नाही, हा अन्याय मात्र खरा. त्याबद्दल जरूर लिहा.

मी स्वतः बाई आहे आणि हेच शिकवते. लामार यांचं नाव मुलींपर्यंत पोचावं असं मलाही मनापासून वाटतं, पण ते टॉर्पेडो, अँथाइल आणि ८८ फ्रिक्वेन्सींसकट. त्या मुलीला मी पेटंटची चित्रं दाखवली. ती कागदी पट्टीवरची भोकं बराच वेळ मोजत बसली होती.