सर्व्हरची शेजारती

घरी लिनक्सचा सर्व्हर, म्हणजे घरातल्या बाकीच्या यंत्रांना फायली पुरवणारा संगणक, ठेवलाच आहे ना? मग तो चोवीस तास चालू ठेवण्याचा गावंढळपणा करू नका. चालू सर्व्हर कोणीही ठेवील, त्यात कसब ते काय! जो सर्व्हरला वेळेवर झोपवतो, हवा तेव्हा उठवतो आणि मधल्या वेळात स्वतः टक्क जागा राहतो, तोच खरा जाणकार.

आधी हिशोब मांडा, म्हणजे घरच्यांची तोंडं बंद होतात. इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी जुना डेस्कटॉप आहे. त्यावर घरचे फोटो आहेत आणि बाबांनी कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत. काही काम नसताना तो ३५ वॅट खातो. दिवसाचे १६ तास झोपवला, तर महिन्याला १६.८ युनिट वाचतात. झोपेतही स्वारी अडीच वॅट घेतेच, ते वजा करा. युनिटला ७ रुपये धरले, तर हातात राहतात १०९ रुपये. हा आकडा ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. त्यापायी घेतलेला वॅटमीटर, बदललेलं लॅन कार्ड (नेटवर्कची तार जिथं खोचतात ते) आणि रात्री एक वाजता डोकं थंड करायला सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन खाल्लेले गराडू, म्हणजे तळलेला कंद, मात्र त्या कागदावर लिहू नका. (गराडू गरम असतात, हे मान्य. सराफ्यात त्या वेळी थंड डोक्याचा माणूस मलाही दिसलेला नाही.)

आता झोपेकडे वळू. ती दोन प्रकारची असते. ‘डीप’ म्हणजे गाढ झोप. तिलाच एस-थ्री म्हणतात. प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅमला जगण्यापुरती वीज. दुसरी ‘एस-टू-आयडल’. जेवण झाल्यावर बाबा आरामखुर्चीत डोळे मिटतात आणि हाक मारली की ‘झोपलो नव्हतो, ऐकत होतो’ म्हणतात, ती ही. आपला सर्व्हर यातली कुठली झोप घेतो, ते ‘मेम-स्लीप’ नावाच्या फायलीत चौकटी कंसात लिहिलेलं असतं. बऱ्याच नव्या बोर्डांवर गाढ झोपेची सोयच काढून टाकलेली असते. तसं असेल तर हळहळा आणि पुढे चला.

पहिली अडचण अशी येईल की, तुम्ही न सांगताच तो झोपेल. हौसेनं ग्राफिकवाला डेस्कटॉप टाकला असेल, तर हमखास. दुसऱ्या खोलीतून लॅपटॉपवरून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कच्या वाटेनं, आत शिरून तुम्ही दोनशे जीबी फोटो चढवत असता आणि त्याच्या लेखी घरात चिटपाखरू नसतं. कीबोर्डाला कोणी हात लावला नाही, माऊस हलला नाही, म्हणजे मालक गेले. घेतली चादर डोक्यावर! यावर मेहनत वाचवणारा उपाय आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या घरातल्या मुख्य कारभाऱ्याकडे, ‘स्लीप टार्गेट’ आणि ‘सस्पेंड टार्गेट’ मास्क करून, म्हणजे कुलूप लावून, टाकायचे. एका ओळीत काम होतं आणि सर्व्हर पुन्हा कधीही झोपत नाही. पण मग ते १०९ रुपये? तेव्हा ती ओळ विसरा. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ वापरून एकेका कामापुरती झोप अडवा, आणि ते लावायला दर वेळी विसरत जा.

दुसरी अडचण, झोपला तो उठत नाही. कुंभकर्णाची उपमा देऊ नका, त्याचा सहा महिन्यांचा का होईना, पण नेम होता. सर्व्हर उठवण्याच्या विधीला ‘वेक-ऑन-लॅन’ म्हणतात. यात मॅजिक पॅकेट पाठवतात. १९९५ च्या सुमारास एएमडी आणि एचपी यांनी काढलेली ही युक्ती आहे आणि तिचा विधी आपल्याला अजिबात परका नाही. आधी सहा वेळा एफएफ (हा एक बाइट) म्हणायचं, मग लॅन कार्डाच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाचा, सोळा वेळा जप करायचा. पत्ता सहा बाइटांचा, तेव्हा सगळे मिळून १०२ बाइट. षोडशोपचार झाले की कार्ड डोळे उघडतं आणि आतल्या मंडळींना हलवतं. आमच्याकडे बाबा याला काकडआरती म्हणतात.

आरती वाया जाण्याची कारणं मात्र अनंत. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘ईआरपी’ नावाचा पर्याय चालू असेल, तर पूर्ण बंद केलेल्या मशीनच्या लॅन कार्डाचीही वीज तुटते. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांपायी ही सोय आली. ती तुम्ही पहिल्याच दिवशी, चांगली वाटते म्हणून, चालू केलेली असते. शिवाय ‘एथटूल’ला, म्हणजे लॅन कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या आज्ञेला, विचारलं, तर कार्ड ‘डी’ असं एकच अक्षर दाखवतं. डी म्हणजे बंद. तिथं ‘जी’, म्हणजे मॅजिक पॅकेट आलं की ऊठ, असं करायचं. केलं, झोपवलं, उठवलं, उठला! पेढे वाटावे, तर मशीन एकदा रीस्टार्ट झालं की पुन्हा ‘डी’. ही खूण कायमची बसवायची तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिहावी लागते, आणि नेटवर्क नेमकं कोण सांभाळतं याबद्दल लिनक्सच्या घरात भाऊबंदकी असते.

मी काय केलं ते सांगतो, तुम्हीही करा. आपलं कार्ड कुठकुठल्या हाकेला ओ देऊ शकतं, तेही एथटूल दाखवतं. आमच्यासमोर अक्षरं आली पी, यू, एम, बी, जी. दिसायला एखाद्या राक्षसाचं नाव. मी म्हटलं, एकट्या ‘जी’वर कशाला विसंबायचं? पाचही चालू करून टाकू, एक नाही तर दुसरं. आता यात ‘यू’ म्हणजे नावानिशी आलेला कुठलाही निरोप आणि ‘बी’ म्हणजे घरभर मारलेली कुठलीही हाक. हॉलमधल्या टीव्हीला दर थोड्या वेळानं ‘गाणी कोणाकडे आहेत हो?’ असं ओरडायची खोड आहे. प्रिंटर आहे, चार मोबाइल आहेत. सगळे एकमेकांच्या चौकशा करत असतात. त्या रात्री सर्व्हर झोपला आणि पावणेदोन मिनिटांत उठला. पुन्हा झोपवला, पुन्हा उठला. लॉगमध्ये ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एक्झिट’ या दोन ओळी एकीखाली एक, पानभर. वाड्यात एका खोलीत सात भाडेकरू आणि कोणी झोपू म्हणतंय, अशी गत.

फक्त ‘जी’ ठेवल्यावर रात्र शांत गेली. मग सकाळी साडेसहाचं प्रकरण सुरू झालं.

इथं जरा सावकाश वाचा, कारण यात तुमचेही तीन आठवडे जायचे आहेत. रोज सकाळी साडेसहाच्या पुढेमागे सर्व्हर आपोआप उठायचा. सिस्टमडीचे टाइमर पाहिले. ‘वेकसिस्टम’, म्हणजे झोपेतून उठवायची मुभा, लावलेला एकही नाही. राउटर बंद ठेवून पाहिला, तरी उठला. शेजारचे म्हणाले, ‘भिया, व्हायरस असेल.’ एके दिवशी मीच सव्वासहाला त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो. गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येतोय आम्ही, गाडी चुकत नाही. गाडी फाटकाशी थांबली, इंजिन धडधडत राहिलं, खिडकीचं तावदान थरथरलं. सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेला माऊस, भाच्यानं दिलेला, गेमवाला, भलताच हळवा, त्याच्या पोटातला लाल दिवा एकदा चमकला आणि पंखा फिरायला लागला.

शहाणा माणूस माऊस काढून ठेवतो. तुम्ही तसं करू नका. त्यात शिकायला काही मिळत नाही. ‘प्रॉक’खाली ‘एसीपीआय’मध्ये ‘वेकअप’ नावाची फाइल आहे. कोणाकोणाला सर्व्हर उठवायचा अधिकार आहे, त्याची यादी तिथं मिळते. नावं जहागीरदारांसारखी नसतात. एक्सएचसी, जीएलएएन, पीईजीझिरो असली असतात. एक्सएचसी म्हणजे यूएसबीचा कारभारी. त्याचं नाव त्या फायलीत लिहिलं की त्याचा अधिकार जातो. मी लिहिलं, गेला. रीस्टार्टनंतर परत आला. म्हणून मशीन सुरू होताना आपोआप लिहिणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस बनवली. चार दिवस बरं चाललं. मग एका रात्री, बनवली होती हे विसरून, तेच काम करणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्येही, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या यादीतही, टाकली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गाडी आली आणि सर्व्हर उठला.

गंमत अशी की, त्या फायलीत नाव लिहिलं म्हणजे बंद होतं असं नाही, ते उलटं होतं. चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. एकदा लिहिलं की झोप, दोनदा लिहिलं की जाग. माझे दोन उपाय मशीन सुरू होताना एकमेकांना नमस्कार करून आपापल्या घरी जात होते. हे कळायला अकरा दिवस लागले, आणि त्यातले तीन मी बायोस अपडेट करण्यात घालवले. शेवटी आधी स्थिती वाचून मगच लिहिणारी स्क्रिप्ट केली. यूएसबी मुकाट झालं. कीबोर्डही यूएसबीवरच होता, तेव्हा तोही मुकाट झाला.

एवढं करूनही सर्व्हर झोपेतून काळा पडदा घेऊन उठला, तर दोष कुठल्या ड्रायव्हरचा ते शोधायला कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘पीएम-ट्रेस’ आहे. मशीन अडकलं की रॅमवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ते आपली खूण बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात लिहून ठेवतं. खूण सापडते, पण घड्याळाला भलतीच तारीख लागते. संकष्टीच्या आदल्या दिवशी हे करू नका, एवढंच सांगतो.

उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याला बत्ती गेली, तर झोपलेल्या सर्व्हरच्या रॅममधलं सगळं जातं. मग आरती करून उपयोग नसतो. बरीच कार्डं, मशीन एकदा हातानं सुरू होऊन बंद झाल्याशिवाय, पुन्हा हाक ऐकत नाहीत. हातानं म्हणजे बटण दाबून. आणि बटणाचा विषय निघालाच आहे, तर बाबांचं ऐका.

मी कामावर गेलो की दुपारी बाबांना नाट्यगीतं हवी असतात. त्यांच्या मोबाइलवर मी एक बटण करून दिलं होतं. ते दाबलं की मॅजिक पॅकेट जातं. बाबांनी ते दोनदा वापरलं. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘अरे, त्या डबड्यालाच बटण आहे ना?’ आणि उठून दाबलं. झोपलेला सर्व्हर बटण दाबल्यावर उठतो, तसा उठला. दुसऱ्या दिवशी तो आधीच जागा होता. बाबांनी रीतीप्रमाणे बटण दाबलं. जाग्या लिनक्सला पॉवरचं बटण म्हणजे ‘बंद हो’. झाला बंद. मला फोन आला, ‘तुझं यंत्र गेलं रे.’ मी ‘लॉगइंड’च्या, म्हणजे पॉवरच्या बटणाकडे लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये बटणाचा अर्थ बदलून ‘झोप’ असा केला. आता बटण दाबलं की झोपलेला उठू लागला आणि जागा झोपू लागला. म्हणजे माझ्या स्क्रिप्टीनं पूर्वी जे केलं, तेच आता बाबांच्या अंगठ्यानं होऊ लागलं.

गेल्या रविवारी सर्व्हरवर पंचांगाच्या पानाच्या पाठीमागे लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली सापडली. बाबांचं वळणदार अक्षर:

‘दिवा लुकलुकत असल्यास बटण एकदा दाबणे. दिवा स्थिर असल्यास हात लावू नये.’

खाली आईनं पेन्सिलीनं लिहिलंय: ‘फडक्यानं पुसतानासुद्धा.’