नळ घट्ट बंद ठेवल्याने पाइप वाचत नाहीत

एकच संदेश तीन दिवसांत मला तीन नातलगांकडून आला. तिसऱ्यांदा तो धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘ताई, यातले पहिले दोन उपाय काल रात्रीच केले.’ हिवाळ्यात पाणी गोठते अशा घरात ती यंदा पहिल्यांदाच राहते आहे, त्यामुळे संदेशावर विश्वास ठेवल्याबद्दल तिला दोष देता येत नाही. तो लिहिणाऱ्याला मात्र द्यावाच लागेल.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: कडाक्याच्या रात्री घरातले सगळे नळ घट्ट बंद करा, कारण टपकणारे पाणी लवकर गोठते आणि मग पाइप फुटतो, सिंकखालच्या कपाटाची दारे लावून घ्या, म्हणजे पाइपांना थंडी लागणार नाही, तरीही पाइप गोठलाच तर त्याच्याजवळ कोळशाची शेगडी ठेवा किंवा त्यावर थेट ज्योत धरा, गरम पाण्याच्या आणि प्लास्टिकच्या पाइपांची काळजी नको, आणि बाहेरगावी जाताना मुख्य व्हॉल्व बंद केला की काम झाले.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. नळाची बारीक धार किंवा ठिबक पाइपातले पाणी गोठणे खात्रीने थांबवत नाही. परंतु पाइप फुटतो तो केवळ आत बर्फ झाला म्हणून, ही समजूतच चुकीची आहे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. पाइपात एखाद्या ठिकाणी बर्फाचे बूच बसले आणि वाढू लागले, की ते दोन्हीकडचे पाणी ढकलते. पुरवठ्याच्या बाजूचे पाणी मागे सरकू शकते. पण बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये सापडलेल्या पाण्याला जायला जागाच नसते, आणि पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे तिथला दाब झपाट्याने चढत जाऊन पाइप फाटतो. म्हणूनच फाटलेली जागा बहुधा बर्फापासून थोडी दूर, नळाच्या बाजूला सापडते. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च कौन्सिलने 1996 च्या अहवालात प्रयोगांच्या आधारे हीच यंत्रणा दाखवली आहे. नळ किंचित उघडा असेल तर हा दाब बाहेर पडतो. आत बर्फ झाला तरी पाइप शाबूत राहण्याची शक्यता वाढते. म्हणजे संदेशाने नेमका तोच उपाय बंद करायला सांगितला आहे. याच अहवालानुसार बाहेरचे तापमान उणे 7 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, की गरम न केलेल्या जागेतल्या, वेष्टन नसलेल्या पाइपांची काळजी करायला हवी. भिंतीच्या फटींतून वारा आत येत असेल, तर धोका आणखी वाढतो.

कपाटाची दारे लावण्याचा सल्ला त्याच पठडीतला आहे. सिंकखालचा पाइप बहुधा बाहेरच्या भिंतीला लागून जातो. खोलीतली ऊब त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ती दारे, आणि नेमकी तीच लावायची! पाइपाभोवतीचे फोमचे वेष्टनही स्वतः ऊब निर्माण करत नाही. असलेली ऊब हळूहळू जाऊ देते, इतकेच.

शेगडीच्या मुद्द्यावर मात्र मला संताप आवरत नाही. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, माणूस थकवा समजून आडवा होतो, आणि मग उठत नाही. थेट ज्योतीने भिंतीतले लाकूड पेटू शकते, आणि दोन बुचांमध्ये कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर पाइप स्फोटासारखा फुटू शकतो. गोठलेला पाइप सोडवण्याची रीत अगदी साधी आहे: नळ उघडा ठेवावा, नळाकडून सुरुवात करून हेअर ड्रायर किंवा गरम पाण्यात पिळलेली फडकी पाइपावर फिरवत बर्फाकडे जावे, आणि ड्रायर हातात असताना साचलेल्या पाण्यात उभे राहू नये. प्रथम नळातून खरखर ऐकू येते, मग दोऱ्याएवढी धार सुरू होते. ती पूर्ण होईपर्यंत ऊब देत राहावे.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. गरम पाण्याच्या पाइपातले पाणी रात्रभर स्थिर राहिले की तेही इतर पाण्यासारखेच गार होते. पेक्ससारखा लवचीक प्लास्टिक पाइप ताणला जातो हे खरे, पण त्याचे जोड तसे ताणले जात नाहीत, आणि सीपीव्हीसी हा कडक प्लास्टिकचा पाइप थंडीत ठिसूळ होतो. मुख्य व्हॉल्व बंद केल्याने नवे पाणी येत नाही, पण आत भरलेले पाणी तिथेच राहते. ते काढायला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा नळ उघडावा लागतो, आणि गीझर रिकामा करायचा असेल तर आधी त्याची वीज बंद करावी लागते, नाहीतर कोरडा एलिमेंट जळतो. शिवाय घर काही दिवसच रिकामे राहणार असेल, तर हीटिंग पूर्ण बंद न करता निदान 13 अंशांवर ठेवणे अधिक सोपे आहे.

बहिणीला मी फोनवर प्रथम कपाटाची दारे उघडायला आणि त्या भिंतीवरचा नळ ठिबकत ठेवायला सांगितले. मग मुख्य व्हॉल्व कुठे आहे ते विचारले, कारण फुटलेला पाइप गळू लागतो तो बर्फ वितळल्यावर, आणि तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. तिला ठाऊक नव्हते. अर्ध्या तासाने तिने जिन्याखालच्या अडगळीतल्या एका गंजलेल्या चाकाचा फोटो पाठवला. ते तिच्या हाताने फिरत नव्हते. उद्या ती प्लंबरला बोलावणार आहे.