कोयनेच्या पाण्यातलं 'सत्त्व' कुणी काढून घेतलं?

वाळवा तालुक्यातल्या आमच्या काकांना आलेला मेसेज आता माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून पोचलाय. 'कोयना धरणाचं दडवलेलं सत्य' असं त्याचं नाव. मुद्दे चार. एक, वीज काढून घेतल्यावर पाणी निःसत्त्व होतं, म्हणून कृष्णाकाठचा ऊस खुंटला. दोन, धरणात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असूनही उन्हाळ्यात ते लपवलं जातं. तीन, दरवाजे मुद्दाम उघडून सांगली बुडवतात. चार, लेक टॅपिंगच्या (जलाशयाच्या तळाला बोगदा जोडण्याच्या) नावाखाली धरणाला भोक पाडलंय, पुढच्या भूकंपात ते फुटणार. शेवटी एक फोन नंबर आणि 'पाण्याला पुन्हा जिवंत करणारी' चुंबकाची रिंग. काकांनी रिंगची किंमत विचारून ठेवलीय, म्हणून हे लिहायची वेळ आली.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलायला हवं, कारण पैसे तिथेच जाणार आहेत.

पाण्यात वीज नसते. उंचावर साठवलेल्या पाण्याला पडण्याची ताकद असते. कोयनेच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातल्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं, सुमारे ४७५ मीटर खाली. नळाच्या टोकाशी असलेल्या नोझलमधून त्याची धार टर्बाइनच्या चाकावरच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, चाकाचा दांडा वरच्या जनित्राला फिरवतो. वीज तयार होते ती जनित्राच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत. धारेचा आणि गुंडाळ्यांचा संबंध येत नाही. आलाच तर संच (टर्बाइन आणि जनित्राची जोडी) तिथल्या तिथे बंद पडेल.

मग पाण्यातून गेलं काय? हिशोब करू. हजार लिटर पाणी ४७५ मीटर उतरलं की सगळी गळती वजा जाता वीज मिळते एक युनिटच्या थोडी वर. म्हणजे गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या दोन टाक्यांमागे जेमतेम एक युनिट. तेच पाणी टर्बाइनऐवजी धबधबा होऊन कोसळलं असतं तर ही ताकद खळबळाटात आणि उष्णतेत गेली असती, आणि पाणी १.१ अंश सेल्सिअसने तापलं असतं. 'काढून घेतलेलं सत्त्व' म्हणतात ते एवढंच: सव्वा अंशही नाही इतकं न तापणं.

आणखी गंमत पुढे आहे. पोफळीतून बाहेर पडलेलं हेच 'मेलेलं' पाणी कोळकेवाडी धरणात जातं आणि तिसऱ्या टप्प्यात पुन्हा चार संच फिरवतं, ३२० मेगावॅटचे. मेलेलं पाणी दुसऱ्यांदा कसं मरतं, हे मेसेजवाल्याने सांगावं. तिथून ते वाशिष्ठीत, चिपळूणकडे, समुद्राला. वाळव्याच्या उसाला या पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. कोयनेचं पूर्वेकडे येणारं पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून येतं, २० मेगावॅटचे दोन संच, एकेकातून १०५० क्युसेक (सेकंदाला घनफूट). संच बंद असले की नदी विमोचकातून, म्हणजे थेट नदीत पाणी सोडायच्या वाटेने सोडतात. एकच नदी, एकच पाणी. कुठलं आज संचातून आलं आणि कुठलं नाही, हे उसाला कसं कळणार?

आणि मेसेजचं तर्कशास्त्र धरायचंच, तर टेंभू योजनेत कृष्णेचं पाणी पंपांनी, वीज खर्चून, टप्प्याटप्प्याने वर चढवतात. म्हणजे आटपाडीच्या डाळिंबाला वीज भरलेलं पाणी मिळतं. त्यांनी मग खत बंद करायला हरकत नाही.

सिंचनाच्या पाण्याची प्रत कशी ठरवायची यावर भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११६२४ हे मानक आहे. त्यात चार गोष्टी तपासायला सांगितल्यात: एकूण क्षार (विद्युतवाहकता, म्हणजे ईसी), सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाण, उरलेलं सोडियम कार्बोनेट आणि बोरॉन. ईसी सेंटिमीटरला १५०० मायक्रोम्होच्या आत, बोरॉन लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत, तर त्या दोन बाबतींत पाणी पहिल्या वर्गात. टर्बाइनमधून गेल्याने यातला एकही आकडा हलत नाही. 'सत्त्व' नावाचा रकाना तिथे नाही.

आता नाइलाजाने एक अर्धसत्य मान्य करतो. धरणाखालच्या पाण्यात पूर्वीइतका गाळ नसतो. पुरासोबत येऊन कृष्णाकाठच्या मळीच्या रानावर पसरणारा गाळ आता बराचसा जलाशयात बसतो, ते नुकसान खरं आहे. उन्हाळ्यात खोल थरातून सोडलेलं पाणी गार असतं आणि त्यात ऑक्सिजनही कमी असू शकतो; माशांना ते जाणवतं, नदी खळाळत वाहिली की भरून निघतं. पण दोन्ही पाणी अडवल्यामुळे होतं. वीजगृह नसतं तरी झालंच असतं.

काकांचा ऊस मात्र खरंच खुंटलाय, आणि मेसेजचं खरं नुकसान इथे आहे. वाळवा, मिरज, शिरोळच्या काळ्या रानांत वर्षानुवर्षं उसाला मोकाट पाणी दिलं, निचऱ्याचे चर बुजले, जमिनीखालचं पाणी वर आलं. ते वर ओढलं जातं, उडून जातं, क्षार मागे राहतात. सकाळी सरीच्या वरंब्यावर पांढरा थर दिसला तर तो हाच. उपाय करायचा असेल तर आधी माती तपासा, एक फुटाचा आणि दोन फुटांचा नमुना वेगवेगळा. मातीच्या संपृक्त अर्काची (माती पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची) ईसी ४ च्या वर (इथे एकक डेसिसायमन प्रति मीटर) आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त: निचरा काढून गोड्या पाण्याने क्षार धुवायचे, जिप्सम टाकून उपयोग नाही. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण: तिथे जिप्सम लागतं, पण तेही निचरा असेल तरच, नाहीतर सुटलेलं सोडियम तिथेच राहतं. निचरा म्हणजे रानाच्या उताराला उघडा चर किंवा सच्छिद्र पाइप पुरून भूमिगत निचरा. एकट्याच्या रानात तो अर्धवट होतो, कारण पाणी शेवटी शेजाऱ्याच्याच बांधातून ओढ्याला जायचं असतं. पाइपवर चुंबक बसवून क्षार कमी होत नाहीत. विश्वास नसेल तर रिंगच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी ईसी मीटरने मोजा.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो.

१०५.२५ टीएमसी ही एकूण साठ्याची क्षमता आहे. त्यातलं साधारण ५ टीएमसी मृतसाठा, ते पाणी सोडायच्या सगळ्यात खालच्या तोंडाच्याही खाली राहतं. बाकीचं पाणी वर्षभराचं, आणि कोयनेचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून उन्हाळ्यात ते संपत आलेलं असतं. राज्यांमध्ये कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय. लपवाछपवीची गरजच नाही, वाटप उघड आहे. ते पश्चिमेला इतकं असावं का, माण-खटाव कोरडं असताना? हा वाद रास्त आहे आणि घालावा. पण मेसेजमध्ये तो वाद नाहीच.

दरवाजांचं: धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस सगळा वाहून आला तर ३ टीएमसीच्या वर पाणी होतं, आणि नवजा-महाबळेश्वरच्या पट्ट्यात एका दिवसात त्याहून जास्त कोसळतो. एक लाख क्युसेकची आवक दिवसभर राहिली तर ८.६४ टीएमसी. धरण नसतं तर हे सगळं थेट कराडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे कोयना-कृष्णेच्या संगमावर आलं असतं. तिथे कृष्णा वेगळी, पुढे हरिपूरला वारणा वेगळी. सांगलीचा पूर एका दरवाजाचा नसतो. हां, जुलैअखेर धरण फार भरून ठेवलं तर पूर रिचवायला जागा राहत नाही. टीका करायची असेल तर त्यावर करा, तारीखवार साठा समोर ठेवून.

लेक टॅपिंग १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ ला झालं. धरणाच्या भिंतीला हातही लागलेला नाही. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत आणतात, शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगाने उडवतात, दगड आधी खोदून ठेवलेल्या खड्ड्यात पडतात आणि पाणी बोगद्यात शिरतं. चौथ्या टप्प्याला, म्हणजे १००० मेगावॅटला, पाणी मिळतं ते असं.

भूकंपाचं अर्धं खरं. जलाशय भरल्यावरच तिथले धक्के वाढले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात भिंतीला तडे गेले. भिंत उभी राहिली. नंतर मागून काँक्रीट चढवून ती जाड केली, पुढे सांडव्याचा भागही मजबूत केला.

काका, रिंग घेऊ नका. त्याआधी दोन नमुने पिशवीत भरून माती परीक्षणाला द्या, आणि ओढ्याकडचा चर कुठे बुजलाय ते एकदा चालत जाऊन बघा.